मावशीनं आज काय सोडलं

माझ्या मावशीइतकं स्वतःला नाकारणारं माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडणार नाही, आणि तिच्यासोबत राहण्याइतकं दमवणारं कामही अख्ख्या वऱ्हाडात दुसरं नसेल. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. अकोल्यात, जठारपेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत मी दोन वर्षं राहिले, तिच्या हातचं खाल्लं, आणि त्या दोन वर्षांत तिनं जे जे सोडलं त्यातलं निम्मं माझ्याकडूनही सुटलं. माझी परवानगी कुणी विचारली नव्हती.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होती, म्हणून गल्लीत सगळे तिला सिस्टर म्हणतात. खूप वर्षांपूर्वी परतवाड्याला उपवास-प्रार्थनेच्या एका शिबिरात कुणा उपदेशकानं सांगितलं की ख्रिस्ती माणसानं रोज स्वतःला नाकारावं, येशूनं वाहिला तसा रोज आपल्या वाट्याचा वधस्तंभ उचलावा. बाकीचे आमेन म्हणून जेवायला गेले. मावशीनं ते नर्सच्या कानांनी ऐकलं होतं. सकाळचा डोस सकाळी. तेव्हापासून ती चर्चच्या कॅलेंडरवर, वॉर्डातल्या तापाच्या तक्त्यासारखी, त्या त्या दिवशी सोडायची गोष्ट चौकोनात लिहिते. ‘साखर.’ ‘खुर्ची.’ ‘खालच्या काकूंबद्दलचं मत.’ मग गुडघ्यांवर दोन्ही तळवे उताणे ठेवून डोळे मिटते. देवासमोर मुठी आवळून बसू नये असं तिचं म्हणणं. “हातात काही धरून बसली तं देव ठेवीन कुठी?”

मी अमरावतीची. एका कोचिंग क्लासमध्ये इंग्रजीच्या नोट्स तयार करायची नोकरी लागली म्हणून अकोल्याला आले. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मी मराठीत कमी बोलते, आणि इंग्रजीत त्याहून कमी. कुणी काही विचारलं की ‘चालेल’ म्हणते. अशा मुलीच्या वाट्याला अशी मावशी आली, त्यात देवाचा काही हेतू असावा असं आई म्हणायची. पहिल्या मे महिन्यात तो हेतू मला कळेना. अकोल्याच्या उन्हात मावशीनं चौकोनात ‘कूलर’ लिहिलं. “मी माह्यापुरता सोडला. तू लाव न,” असं म्हणून ती कूलरचा वारा चुकूनही अंगाला लागू नये म्हणून स्वयंपाकघरात जाऊन बसली. अडुसष्ट वर्षांची मावशी गॅसजवळ घाम पुसते आहे आणि मी वाऱ्यात लोळते आहे, हे दृश्य मला दहा मिनिटं सहन झालं. मी कूलर बंद केला. ती आतून लगबगीनं आली आणि आनंदानं म्हणाली, “पाह्य! तू बी सोडला!”

रविवारची कोंबडी हा तर वेगळाच अध्याय. आम्ही दोघी, आणि कोंबडीला तंगड्या दोन. इतका सोपा हिशेब दोन वर्षांत एकदाही सुटला नाही. चर्चहून आल्यावर मावशी दोन्ही तंगड्या माझ्या ताटात वाढायची. मी एक तिच्या ताटात ठेवायची. ती परत करायची. बोलून भांडणं मला जमत नाही, त्यामुळे मी मुकाट्यानं पुन्हा ठेवायची. रस्सा गार व्हायचा, भाकरी वाळायची, आणि शेवटी त्या दोन्ही तंगड्या वाटीत घालून मीच खालच्या काकूंकडे नेऊन द्यायची. खालच्या काकू म्हणजे जिल्हा परिषदेच्या निवृत्त शिक्षिका. बुद्धविहारात त्यांचं भाषण असलं की मावशी पहिल्या रांगेत बसते, आणि नाताळात त्या आमच्याकडे येतात. एका रविवारी त्या जिन्यातूनच ओरडल्या, “सिस्टर, कोंबडी तुमची अन् तंगड्या आमच्या, हे काय चालू हाय?”

“तुमी खा न बाई. आमाले चालते.”

“तुमाले चालते, माह्या बीपीले नाही चालत! पोरीले खाऊ द्या थोडं. कशी वाळून राहिली ते पाहा.”

ईस्टरआधीच्या एका उपवासकाळात तिनं ‘शेवटचा शब्द’ सोडला, म्हणजे कुठल्याही वादात शेवटचं वाक्य समोरच्याचं. हे ऐकायला फार चांगलं वाटतं. पण समोरची मी होते, आणि मी बोलतच नाही. त्यामुळे दुधात पाणी आहे की नाही, हा वाद घरात चार दिवस दोरीवरच्या ओल्या कपड्यासारखा लटकत राहिला. एकदा आईकडे अमरावतीला जाताना तिनं मूर्तिजापूरला एसटीतली आपली जागा एका तरुणाला दिली. तो पैलवानासारखा दिसत होता. “दमलेला वाटला,” ती म्हणाली. ती उभी, म्हणून मीही उभी. बडनेरा येईपर्यंत माझ्या पायांत गोळे आले होते आणि पैलवान घोरत होता.

मी खरंच थकले होते. चांगल्या माणसामुळे येणारा थकवा विचित्र असतो, त्या माणसावर रागावताही येत नाही. अशात मला हैदराबादच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलं. काम मला आवडणारं होतं आणि शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. मावशीचा गुडघा दुखतो, बाजारातून पिशव्या मी आणते, तिला एकटं कसं टाकायचं, असं सगळं मनात मांडलं आणि नकाराची मेल लिहून ठेवली. फक्त पाठवायची बाकी होती. गुरुवारी सकाळी ती कॅलेंडरजवळ उभी असताना मी पहिल्यांदाच आपणहून बोलले. “मावशी, आज माझंही एक लिही. मी हैदराबादची नोकरी सोडली.”

मला वाटलं, तिला आनंद होईल. तिनं पेन खाली ठेवलं.

“कोनती नोकरी? मले तं कोनं सांगतलं नाही.”

मी सांगितलं.

“अन् सोडली काहून?”

“तुझ्यासाठी.”

“मी मांगतलं होतं काय?” तिनं चष्मा काढला. वॉर्डात ती पेशंटकडे अशीच बघत असणार. “जायाचं मन हाय काय तुले?”

मी कॅलेंडरचे चौकोन मोजायला लागले.

“तुले भेव वाटते, बाई. नवं शहर, नवे लोकं, तोंड उघडा लागते. वाटू दे. पण त्या भेवावर माहं नाव लिहू नको.” मग थोड्या हळू आवाजात, “जे हातात घेतलंच नाही, ते देवाच्या पायाशी काय ठेवशीन?”

 शेवटचा शब्द तिनं त्या दिवशी स्वतःकडे ठेवला, आणि तो बरोबर होता. शुक्रवारी मी होकार कळवला.

निघायच्या सकाळी तिनं नेहमीसारखं पेन उचललं, चौकोनाकडे पाहिलं आणि पेन परत ठेवून दिलं.

“आज काय सोडलं?” मी विचारलं.

“सगळंच लिहून दाखवा लागते काय?” ती म्हणाली आणि मला समोर बसवून प्रार्थना सुरू केली. मी डोळे किलकिले करून पाहत होते, ती माझी जुनी सवय. तिचा एक तळवा गुडघ्यावर उताणा होता. दुसऱ्या हातात तिनं माझं मनगट धरलं होतं, चांगलं घट्ट. आमेन झालं. मनगट सुटलं नाही. खाली रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे तिची बोटं एकेक करून उघडली.

आता मी दर रविवारी तिला फोन करते. इथे कूलर लावायचा की नाही हे मी एकटीच ठरवते, एसटीत उभं राहावं लागत नाही, आणि तरी थकायला होतं. मागच्या रविवारी मी विचारलं, “मावशी, आज काय सोडलं?”

“काय सोडू? कोनासाठी?” ती म्हणाली. “काकू गेल्या लेकाकडे. तंगड्या दोन्ही मीच खाल्ल्या.”

“मग? छान लागल्या ना?”

पलीकडे ताट उचलून मोरीत ठेवल्याचा आवाज आला.

“चांगल्या होत्या,” ती म्हणाली. “गरम होत्या. पण खरं सांगू बाई, इतका जड वधस्तंभ आजवर उचलला नव्हता.”