बिरप्पाच्या गाडीतला विजेचा पंखा

"अवं, घोडा सांगा म्हंते मी. घोड्याच्या टाळक्यातनं वाफ तरी न्हाय निघत!"

"मथुरे, गप बस. जावई माझा, गाडी माझी. लेकीचा नवरा दुसऱ्याच्या घोड्यावर बसवू व्हय?"

"बसवा की गाडीत. पर मांडवात पोचंल का त्यो? का मारुतीफुडंच शिजंल?"

बिरप्पानं तोंडातली पानाची पिंक उंबऱ्याबाहेर टाकली. बायको खरं बोलली की त्याला पिंक टाकावीच लागे.

बिरप्पाच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली आणि पोरानं सोलापुरात येऊन गाडी राखली. गाडी कुण्या साहेबानं विलायतेला जाताना टाकून दिलेली. दिवसा ती स्टेशनवर उतारू भरायची, आणि लग्नसराईत नवरदेव मिरवायची. उतारूंच्या कामात तिचा हात धरणारी दुसरी गाडी नव्हती. होटगीपर्यंत अशी पळायची की उतारूची टोपी उडावी. पण नवरदेव आत बसला की तिचं घोडं पेंड खायचं.

त्याला कारण होतं. आपल्याकडं परण्या निघाला, म्हंजे नवरा मारुतीच्या पाया पडून मांडवाकडं निघाला, की त्याची गाडी मुंगीच्या पावलानं न्यायची. म्होरं बँड, बँडम्होरं नाचणारे, आणि दर कोपऱ्यावर कुणीतरी मामा धोतराचा सोगा दातात धरून फुगडी घालणार. जुन्या गाडीचा रेडिएटर गार करणारा पंखा तर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा. इंजिन पळालं तर पंखा पळणार, इंजिन डुलकी घेऊ लागलं की पंखाही पेंगणार. मग रेडिएटरातलं पाणी रटरटायचं आणि बॉनेटमधून वाफ उठायची. "आलं रं गुऱ्हाळाचं चुलवण!" असं पोरं ओरडायची. नवरदेवाचं कुणी बघत नसे.

आता लेकीचं, रंभाचं, लगीन ठरलं होतं माढ्याकडल्या कोंडीबाच्या पोराशी, धुळाशी. भर बैठकीत बिरप्पानं व्याह्याला शब्द दिला होता, "परण्या माझ्याच गाडीत निघंल, आन् गोरजाला मांडवात पोचंल. टिपूसभर वाफ दिसली तर मिशी काढीन." मिशी तशी फार मोठी नव्हती. पण शब्द मोठा होता.

अशात हैदराबादच्या रस्त्याला एक परदेशी मोटार उलथली. तिचं भंगार आलं, तेव्हा बिरप्पाला तिच्या नाकाडात विजेचा पंखा दिसला. इंजिनाशी त्याचं काही देणंघेणं नाही, बॅटरीची वायर जोडली की आपला आपण फिरतोय. बिरप्पाला साक्षात बिरोबा भेटल्यागत झालं. त्यानं जुन्या पंख्याची पाती सोडवली, नवा पंखा पत्र्याच्या पट्ट्या मारून रेडिएटरमागं बसवला आणि घरातल्या दिव्याचं काळं बटण गाडीत स्टिअरिंगच्या चाकाशेजारी ठोकलं. बटण दाबलं की भर्रर्र. इंजिन उभ्या जागी चालू ठेवून त्यानं वाट बघितली, रेडिएटरावर हात ठेवला, तर नुसतं कोमट.

"बघ मथुरे! उभी ऱ्हायली तरी वारा घेतीया!"

"बरं झालं बाई," मथुराबाई म्हणाली. "तुमाला न्हाय सुचलं ते गाडीला सुचलं."

लग्नाच्या दिवशी सकाळपासनं पाव्हणे यायला लागले आणि प्रत्येकाला बिरप्पा पंखा दाखवू लागला. इंजिन बंद, बॉनेट उघडं, बटण दाबलं की भर्रर्र. "हे बघा, गाडी झोपलीया पर पंखा जागा हाय!" वैशाखाचा उकाडा होता. वरपक्षाचा एक म्हातारा तर सदऱ्याची बटणं सोडून बॉनेटपाशी खुर्ची टाकूनच बसला. "ऱ्हाऊ दे रं चालू. ब्येस वारा हाय," म्हणाला. व्याह्याकडचा म्हातारा. त्याच्या अंगावरचा वारा काढून कसा घ्यायचा? बिरप्पानं पंखा चालू ठेवला.

बॅटरी भरायचं काम डायनामोचं, आणि डायनामो भरतो तो इंजिन पळालं तर. रांगत्या गाडीवर तो नुसता गोल गोल फिरतो, हाती काही देत नाही. गाडी सावकाश झाली की दिवे मंद होतात, हे बिरप्पा रोज रात्री बघत होता. पण दिव्याचं दुखणं पंख्यालाही लागेल, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात यायला डोकं रिकामं लागतं. त्याच्या डोक्यात पंखा फिरत होता.

मारुतीपासून परण्या निघाला तो झोकात. बाशिंग बांधलेला धुळा मागच्या सीटवर, बिरप्पा चाकावर, म्होरं बँड. पहिल्या कोपऱ्यावर फुगडी झाली, दुसऱ्यावर लेझीम झाली, तरी वाफ नाही. कोंडीबा काचेतून वाकून म्हणाला, "इवाई, मानलं तुमाला." बिरप्पानं मिशीवरनं हात फिरवला.

तिसऱ्या कोपऱ्यावर पंख्याचा आवाज बदलला. भर्रर्रचं घर्रर्र झालं, घर्रर्रचं घुर्र झालं, इंजिनानं दोन ठसके दिले आणि गाडी गप पडली. पाणी गार होतं. गाडी त्याहून गार होती.

"काय झालं, इवाई?"

"काय न्हाय. जरा दम खातीया."

"गोरज दम खाईल का?" कोंडीबा म्हणाला. सूर्य गिरणीच्या धुराड्याखाली उतरला होता. आणि त्यांच्या घराण्यात रीत अशी की, परण्या निघाला की नवऱ्यानं मांडवापर्यंत भुईला पाय लावायचा नाही. म्हणून धुळा आत, आणि वधूपक्षाचे सगळे धनगर पटके सावरत मागनं ढकलायला. ढकललं, तर गाडीनं हुंदका दिला आणि पुन्हा गप. इंजिनाच्या ठिणगीपुरतं बॅटरीत उरलंसुरलं होतं ते पंखाच खात होता.

बिरप्पानं काळ्या बटणाकडं बघितलं. पंखा बंद केला तर गाडी सुरू होईल. पण जुनी पाती घरी होती. मग आता बिनपंख्याची गाडी, मुंगीच्या पावलानं, एवढ्या लोकांत! त्यानं बटण बंद केलं, कुणाकडं न बघता.

"हां, लावा जोर!"

गाडीनं हिसका दिला आणि इंजिन लागलं. आता सावकाश न्यावी तर बॉनेट शिजणार, मिशी जाणार. पळवावी तर सुटल्या वाऱ्यानं पाणी गार राहणार. बिरप्पानं हॉर्नवर हात ठेवला आणि पाय दाबला. बँडवाले दोन्हीकडं फाकले, ढोल गटारात गेला, फुगडी घालणारे मामा भिंतीला चिकटले.

"मामा, मामा!" धुळानं दोन्ही हातांनी बाशिंग धरलं. "माणसं मागं ऱ्हायली!"

"ऱ्हाऊ द्या जावईबापू. त्यांस्नी वाट ठावं हाय."

मांडवाच्या दारात गाडी थांबली, तेव्हा भटजी चहाची बशी तोंडाला लावत होते. भाकरतुकडा ओवाळायला मथुराबाई धावत आली. तिनं गाडीत बघितलं, मागं बघितलं, रस्ता मोकळा.

"आवं, नवरा एकलाच? वऱ्हाड कुटं हाय?"

"येतंय. तू आधी ओवाळ."

वऱ्हाड आलं ते धापा टाकत. कोंडीबाचा पटका गळ्यात होता. "आजवर पोरगी पळवल्याली ऐकलं हुतं, इवाई! तुमी तर माझा पोरगाच पळवला!"

"वाफ दिसली का?" बिरप्पानं विचारलं.

"वाफ? आरं, धुरळ्यात तुजी गाडीच दिसली न्हाय!"

कोंडीबा रुसून मांडवाच्या मेढीला पाठ लावून बसला. परण्या मारुतीपासनं पुन्हा काढा, म्हणाला. भटजींनी घड्याळ दाखवलं. मग धुळाच म्हणाला, "आबा, मला पुन्हा त्या गाडीत घालू नगा." त्यावर सगळा मांडव हसला आणि कोंडीबालाही हसू दाबता येईना. गोरजावर अक्षता पडल्या. रंभानं बापाच्या मिशीकडं बघून पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी फटफटताच बिरप्पा गाडीखाली होता. नव्या पंख्याची वायर त्यानं काढली, जुनी पाती पट्ट्याच्या चाकावर परत आवळली आणि उसनी बॅटरी चढवली.

"मग तो पंखा?" मथुराबाईनं विचारलं.

"चुलीपाशी लावून देतो. तुला वारा."

"माझी चूल इझवाया? ठिवा त्यो तुमच्यापाशीच."

बिरप्पानं पिंक टाकली, रेडिएटरात कळशीभर पाणी ओतलं, झाकण घट्ट केलं. सकाळच्या आगगाडीचे उतारू उतरायची वेळ झाली होती. हँडल मारून इंजिन लावलं आणि तो स्टेशनकडं निघाला.