देव्हाऱ्यातली बाटली

आमच्या वडिलांना देवाने दर्शन दिलं ते औषधाच्या बाटलीतून, आणि ते दर्शन मी मोडलं. ठाण्यातल्या आमच्या आळीत अजून दोन-चार म्हाताऱ्या मला पाहून पदर सावरतात नि बाजूला होतात, त्या याच कारणाने.

वडील, आमचे अप्पा, कोर्टात नाझर होते. मी लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. घरात बसून जपमाळ ओढायची सोडून मुंबईच्या इस्पितळात जाऊन रोग्यांची शुश्रूषा शिकले. त्या दिवसापासून वडिलांनी माझ्या हातचं पाणी वर्ज्य केलं. घरातून काढलं नाही, बोलणंही टाकलं नाही. मी आणलेले आंबेसुद्धा ते खात, कारण आंब्याला साल असते. पाण्याला साल नसते, हा त्याचा दोष. "कुणाकुणाची घाण काढलेले हात ते," असं म्हणत. घाणीला जात नसते, असं मी एकदा भर पंगतीत बोलले, तेव्हा ते पानावरून उठले.

अशा माणसाच्या अंगावर सूज चढली. आधी पाय, मग पोट. दोन उशांना टेकल्याशिवाय श्वास पुरेना. आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, आमच्या स्वयंपाकघराची आणि देवघराची सरकार होती. तिने गोखरूचा काढा सुरू केला, शेजारणीने घेटुळीचा रस आणला, कल्याणच्या भाच्याने शहाळी पाठवली. अप्पांच्या पोटात जत्रा भरली आणि सूज तिथेच. शेवटी मी खाडीकडचे किरिस्ताव डॉक्टर आणले. ते वाडीत वाढलेले, भाषेला तिकडचाच वास.

"बाय, हृदय थकलाय," ते मला म्हणाले. "थकलेला बैल मोट भरभर ओढतो, पण वर येते अर्धीच. हे थेंब दिले की बैल दमानं ओढेल, मोट भरून येईल. मूत्रपिंडाला रक्त पोचलं की साठलेलं पाणी आपल्या वाटेनं जाईल."

डिजिटॅलिस नावाच्या विलायती झाडाच्या पानांचा तो अर्क. थेंब मोजून सकाळी एकदाच द्यायचे. संध्याकाळी दिले तर रोगी लघवीसाठी अंधारात उठतो नि पडतो. देण्यापूर्वी नाडी पाहायची. साठाच्या खाली असेल तर त्या दिवशी थेंब बंद. बाकीचे सगळे काढे बंद. पाणी मोजून. आणि लघवीही मोजून, हे ऐकल्यावर आत्याने कानांवर हात ठेवले.

वडिलांनी मात्र वाट काढली. कोर्टात आयुष्य गेलेला माणूस तो. "औषधं जाह्नवीतोयम्," ते म्हणाले. औषध म्हणजे गंगाजल, ते कुणाच्याही हातून चालतं. म्हणून थेंब माझ्या हातून घेत आणि त्यावरचा घोट आत्याच्या हातून. मी शेजारीच तांब्या घेऊन उभी असले तरी आत्या न्हाणीघरातून येईपर्यंत तोंड कडू करून बसत. मला राग येई. खरं सांगायचं तर रडूही येई, पण ते मी त्यांना कधी दिसू दिलं नाही.

औषध लागू पडलं आणि घराची दैना उडाली. लघवीला जायचं म्हणजे जानवं कानावर, परसात जाणं, मग पाय धुणं, चूळ भरणं. सूज उतरायला लागली तसं जानवं कानावरून उतरायलाच तयार होईना. दर खेपेला पाय धुऊन अंगणात चिखल झाला. शेवटी मी आडोशाला मडकं ठेवलं आणि उठताना आधी पाय सोडून बसा, मग भिंत धरून उभे राहा, असं दटावलं. घोट्यांचा घेर मी सुताने मापायची. आमच्या घरात सूत म्हणजे जानव्याचंच. त्यांनी ते पाहिलं, आणि सूज उतरलेली आहे हे कळल्यावर न पाहिल्यासारखं केलं.

मग मला खाडीपलीकडे एका अवघडलेल्या बाळंतपणाला जावं लागलं. निघताना आत्याला थेंबांबद्दल दोनदोनदा बजावलं. तिने मान डोलावली.

परत आले तर ओटीवर चपलांचा ढीग. आत उदबत्त्यांचा धूर, आत्याच्या कल्याणच्या सासरची माणसं हात जोडून बसलेली, आणि मध्ये लोडाला टेकलेले आमचे वडील.

"पिवळं," ते हळू म्हणाले. "सगळं पिवळं. समईभोवती कडं आहे. पीतांबर आहे तो, पोरी."

"तीन दिवस अन्न नाही," आत्याने अभिमानाने सांगितलं. "भात पाहिला की उमळतं. विषय सुटले गं दादाचे! नाडी बघ, साधूची आहे."

मी नाडी पाहिली. हळू होती आणि मधेच एखादा ठोका गाळत होती. मळमळ, मंद नाडी, पिवळी नजर, हे सगळं मी इस्पितळात हेच औषध जास्त झालेल्या एका खाटेवर पाहिलं होतं आणि ती खाट दुसऱ्या दिवशी रिकामी झाली होती.

"थेंब किती दिलेस?"

"तू सांगितलेस तेवढेच. औषध गंगाजल, म्हणून पळीतून तीर्थासारखं दिलं."

"एकदाच ना?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मीच वेडी असल्यासारखं. "तीर्थ एकदा घेतात का कुठे? तीनदा घेतात."

"बाटली कुठाय?"

बाटली देव्हाऱ्यात होती, बाळकृष्णाच्या शेजारी, कुंकू लावलेली. आणि आत्या तिसऱ्या प्रहरी आणखी एकदा देणार होती, दर्शन टिकावं म्हणून. मी मागितली तर ती दारात आडवी झाली. मी बाळंतिणीच्या घरून तशीच आलेली, अंघोळ नाही, लुगडं बदललेलं नाही. तिच्या काखेखालून मी देवघरात शिरले आणि देवांमधून बाटली उचलली. लंगडा बाळकृष्ण गडगडत उंबऱ्यापर्यंत आला.

जो काही आरडाओरडा झाला तो लिहीत नाही. वडील तेवढे हळू बोलले. "माझा देव नेतेस?"

"हो," मी म्हटलं. "तुम्हाला ठेवून त्याला नेते."

डॉक्टर आले. थेंब बंद, उठणं बंद, उशांना टेकून नुसतं पडून राहायचं. पाहुणे हळूहळू पांगले. देव नसलेल्या घरी कोण बसतं? आत्याने देवघर गोमूत्राने धुतलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं. मी वडिलांच्या उशाशी बसून मनगट धरून राहिले. नाडी अडखळली की माझाही श्वास अडखळे. मला बाप हवा होता, पाणी न घेणारा का होईना.

नाडी सुधारत गेली. एका सकाळी ते समईकडे बघत म्हणाले, "कडं गेलं." त्यांचा चेहरा असा पडला की मला माझाच राग आला. म्हाताऱ्याला उभ्या जन्मात एकदाच काहीतरी दिसलं होतं.

औषध थांबल्यामुळे घोटे मात्र पुन्हा भरू लागले. डॉक्टरांनी पाणी एका वेळी एका वाटीवर आणलं, थेंब पुढे जपून सुरू करू म्हणाले. आत्याला दादाची तहान बघवेना, म्हणून तांब्या मी माझ्याजवळ ठेवला.

दुपारी आत्या समोरच वाती वळत बसली होती. वडिलांनी डोळे उघडले नि माझ्याकडे वळले.

"पाणी दे."

मी आत्याकडे पाहिलं. "तिला नाही, तुला म्हणतोय," ते म्हणाले. मी वाटी भरली. त्यांनी ती माझ्या हातून घेतली, प्याले आणि रिकामी वाटी पुढे केली.

"आणखी."

"नाही, अप्पा."

"इतक्या वर्षांनी मागतोय, आणि नाही म्हणतेस?"

"नाहीच म्हणते."

त्यांनी वाटी पालथी करून खाली ठेवली. आत्या उठायला लागली, तशी त्यांनी हाताने तिला खाली बसवलं.

"पुढची वाटीही तूच दे," ते मला म्हणाले. "ही तीनदा पाजेल नि पुन्हा देव दाखवेल."