स्वतःच्या विनंतीवरून

१९५८ साली संगीतशाळेला पंचाहत्तर वर्षं होत होती, म्हणून तिचा इतिहास छापायचं ठरलं. कोण शिक्षक कधी आला, कधी गेला, ही यादी करायचं काम अर्थातच कचेरीतल्या इर्मट्राउट कोपेनच्या गळ्यात पडलं. जर्मनीतल्या वेझर नदीकाठच्या त्या शाळेतला कागद न् कागद पस्तीस वर्षं तिच्याच टाइपरायटरमधून निघत आला होता. वाजवणाऱ्यांच्या तसबिरी लागतात; टाइप करणारीला कोण विचारतो?

'ब्लूमेनाउ, सेल्मार. चेलो.' इथे तिचा हात अडला. तेहतीसच्या एप्रिलात ज्यू शिक्षकांना काढताना तेव्हाच्या संचालकांनी तिला मजकूर सांगितला होता: 'स्वतःच्या विनंतीवरून सेवामुक्त.'

"बाई, मी कुठे केली विनंती?" ब्लूमेनाउंनी तिलाच विचारलं होतं.

"सही करून टाका, प्रोफेसरसाहेब. उगाच चारचौघांत शोभा कशाला?"

आपण त्यांची अब्रू वाचवतोय, असं तिला खरंच वाटलं होतं. नऊ वर्षांनी त्यांना पूर्वेकडे छळछावणीला जाणाऱ्या गाडीत कोंबलं, ते परत आले नाहीत. तेव्हापासून ते वाक्य तिला आतून खात होतं. निदान इतिहासात तरी खरं छापलं जावं, एवढीच तिची इच्छा होती. तिने लिहिलं: 'ज्यू म्हणून काढून टाकले.'

संचालक टीडेमाननी तांबडी पेन्सिल उचलली. हे महाशय तेहतीसच्या मे महिन्यातच ब्लूमेनाउंच्या खोलीत चेलो शिकवायला बसले होते.

"कोपेनबाई, फाईल काय म्हणते?"

"फाईल खोटं बोलते. मीच टाइप केलंय ते पत्र."

"बरं झालं, तुम्हीच सांगितलंत." त्यांनी पत्र पुढे सरकवलं. सगळ्या पत्रांवर असतात तशी त्यावरही मजकूर सांगणाऱ्याची आणि टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं होती. "सांगणारा तर वारला. छापू की खरं! पण मग ही दुसरी अक्षरं कुणाची, तेही छापू."

मेला तो सुटला, खुर्चीतला खुर्चीत राहिला आणि खापर फोडायला हिचं डोकं सापडलं. तरी तिची बाजू घ्यावीशी वाटत नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. दोन दिवस तिने विचार केला आणि पान पुन्हा टाइप केलं. तेच जुनं वाक्य, एकही खाडाखोड न करता.

समारंभात टीडेमान म्हणाले, "या घरातून जो गेला, तो स्वखुशीने गेला!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पहिल्या रांगेतल्या कोपेनबाईंनीही वाजवल्या, शेवटपर्यंत.