टाकून द्यायला शिकलो, पारनेरजवळ

सुमनचं, म्हणजे माझ्या बायकोचं, विमानाचं तिकीट काढून झालं होतं. बॅगाही भरून झाल्या होत्या. टोरांटोतल्या आमच्या मुलीला बाळ व्हायला दीड महिना उरला होता. अडलं होतं ते फक्त माझ्यामुळे. निवृत्त झाल्यावर मी स्वयंपाकात हात घातला आणि वर्षभरात तीनदा सलाईनवर गेलो. तिन्ही वेळा स्वतःच्या हातचं खाऊन.

"तुम्ही पाच महिने स्वतःला नीट जेवू घालाल असं आक्का म्हणाली, तरच मी जाणार," सुमनने जाहीर केलं. "नाहीतर तिकीट रद्द."

आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. पारनेरपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या गावात राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी अठरा वर्षं पोरांची खिचडी शिजवली आणि एकाही पोराचं पोट बिघडलं नाही. माझं एकट्याचं वर्षात तीनदा बिघडलं होतं. तेव्हा आठ दिवसांसाठी मला त्यांच्याकडे पाठवायचं ठरलं.

मार्च महिना होता. सकाळी पुण्याहून एसटी पकडली. डब्यात आदल्या दिवशी केलेला पुलाव होता. शिरूर सोडून घोड नदीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि हवाही बदलते. दोन्ही बाजूंना काढलेल्या कांद्याचे ढीग, मधूनमधून उघडं माळरान, लांब डोंगरावर पवनचक्क्या. त्यातल्या दोन फिरत होत्या, बाकीच्या बघत होत्या. मी डबा उघडला आणि शेजारच्या टोपीवाल्या बाबांना घास देऊ केला.

त्यांनी लांबूनच वास घेतला. "कवाचा भात हाय ह्यो?"

"कालचा. दुपारचा."

"आन् ठिवला कुटं हुता?"

"पातेल्यात. झाकून."

"मंग तुमीच खावा," बाबा म्हणाले आणि खिडकीकडे सरकले.

मी अर्धा खाल्ला. माझ्या आईने आम्हा भावंडांना अनेक गोष्टी शिकवायचा प्रयत्न केला, त्यातली एकच माझ्या डोक्यात राहिली. अन्न टाकायचं नाही. मी शिळी पोळी टाकत नाही, फुटलेलं दूध टाकत नाही, काळं पडलेलं वांगं काळा भाग कापून खातो. तिन्ही सलाईनांचं मूळ तिथेच होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. मला ते तेव्हा पटलं नव्हतं.

पारनेरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पोटात गडगड सुरू झाली होती. रिक्षा मिळेपर्यंत स्टँडवरच्या शौचालयाची माझी चांगली ओळख झाली. त्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

आक्कांचं घर पत्र्याचं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली शाळेने निरोपाच्या दिवशी दिलेलं घड्याळ. "जय भीम, पाव्हणं," म्हणत त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला, झाकण उघडलं आणि परसातल्या खड्ड्यापाशी जाऊन सगळा भात ओतून टाकला.

"अहो, कोंबड्यांना तरी घालायचा," मी म्हणालो.

"कोंबड्यांनी काय पाप केलंय?" आक्का म्हणाल्या आणि मला मीठ-साखरेचं पाणी दिलं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. पहिला धडा भाताचाच होता. भात उरला तर गरम पातेल्यात झाकून ठेवायचा नाही. परातीत पातळ पसरायचा, निवला की लगेच फ्रिजात. दुसऱ्या दिवशी खायचा तर वाफा येईपर्यंत तापवायचा, आणि तोही एकदाच. "परत तापवला, परत ठिवला, परत तापवला, असं केलं म्हंजी भात न्हाई ऱ्हात, औषीद लागतंय," त्या म्हणाल्या.

मेथी आणली ती आधी निवडून, अख्खीच तीन पाण्यांत धुवायची, मग चिरायची. मी नेहमी आधी चिरून मग धुवत असे. शिवाय पाणी ओतून द्यायचं नाही, भाजी वर उचलून घ्यायची, म्हणजे माती खाली राहते. हे मला साठ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आक्कांचं म्हणणं, मी कोणाला विचारलंच नव्हतं.

बाजरीच्या भाकरीत माझे दोन दिवस गेले. भाकरी थापताना तिला कडेने भेगा पडत होत्या. मी तोंड वाकडं करून पिठाला दोष दिला. आक्कांनी पिठाची चिमूट जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, "पीट ताजं हाय. कडू न्हाई पडलं. तुमीच मळत न्हाई." बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू पडतं, म्हणून इथे थोडंथोडंच दळून आणतात. मग कोमट पाण्यात, तळहाताच्या टाचेने, परातीला घासून घासून मळलं. पाचव्या दिवशी एक भाकरी फुगली. मी तिचा फोटो सुमनला पाठवला. तिने अंगठा पाठवला.

पण आक्कांच्या स्वयंपाकघरातली खरी नवलाची गोष्ट म्हणजे स्टीलचा एक छोटा डबा. शाळेत नियम होता. खिचडी झाली की आधी शिजवणारीने खायची, मग गुरुजींनी, मग पोरांनी. आणि थोडी खिचडी नमुना म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला ठेवायची, कोणाला काही झालंच तर तपासायला. शाळेतलं काम सुटून चार वर्षं झाली, तरी आक्का घरीही तसंच करतात. आधी स्वतः चाखतात, दुसऱ्याला चाखायला लावतात, मग वाढतात. डब्यात रोजचा नमुना असतो आणि दुसऱ्या दिवशी तो खड्ड्यात जातो. तो टाकताना मी रोज तोंड फिरवत असे.

आठव्या दिवशी परीक्षा. सुमन दुपारच्या गाडीने येणार होती. बेत माझाच: भाकरी, मेथी, भात आणि ताकाची कढी. ताक शेजारच्या ताईंनी दिलं होतं, चांगलं दोन लिटर. आक्का अंगणात बाजेवर जाऊन बसल्या.

फळीवर एक जुनं पितळी पातेलं होतं. परीक्षेला शोभेल असं. मी ते चिंचेने आतून-बाहेरून इतकं घासलं की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. स्वच्छता म्हणजे काय, हे आता मला कळलं होतं. त्यात कढी केली आणि झाकून तासभर ठेवली. भाकऱ्या बऱ्या झाल्या. मेथीत माती नव्हती.

गाडी लांबली. सुमन आली ती घामाने भिजलेली, दमलेली. "आधी जेवायला वाढा हो," ती दारातूनच म्हणाली. मी नियमाप्रमाणे कढीचा चमचा तोंडात घातला. जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव आली. पुन्हा घेतली. पुन्हा तीच. कढी कळकली होती (कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ ठेवला की तो धातूची चव धरतो, त्याला कळकणं म्हणतात, आणि तो खाऊन मळमळतं, उलट्या होतात).

दोन लिटर ताक. शेजारच्या ताईंचं. बाहेर उपाशी बायको. तिच्या तिकिटाचा निकाल याच जेवणावर. कानात आई. गूळ घातला तर चव झाकेल, हेही मला सुचलं. ते सुचलं, याची मला आजही लाज वाटते.

मी पातेलं उचललं, परसात गेलो आणि कढी खड्ड्यात ओतली. मागे वळलो तर दारात सुमन उभी.

"तुम्ही टाकलीत?" तिने विचारलं.

"टाकली. पंधरा मिनिटं थांब. पिठलं करतो."

ती तिथेच पायरीवर बसली आणि डोळ्यांना पदर लावला. पस्तीस वर्षांत मी काही टाकताना तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

जेवताना आक्का म्हणाल्या, "सकाळी तुमी पातेलं घासत हुता, तवाच दिसलं मला. कल्हई पार गेलेली. त्यात चा करायचं बी सोडून दिलं हुतं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर परीक्षा कुनाची झाली असती?"

"आणि मी न चाखता वाढली असती तर?"

"वाडू दिली असती व्हय? दुसरं चाखनारं मानूस मीच हाय की." मग बहिणीकडे वळून म्हणाल्या, "सुमे, जा तू. भाकरी वाकडीच हाय, पन मानूस जगंल."

निघताना त्यांनी मला एक छोटा स्टीलचा डबा दिला. त्यांच्यासारखाच.

परतीच्या एसटीत सुमन खिडकीशी बसली होती. पवनचक्क्या आता सगळ्या फिरत होत्या. तीन आठवड्यांनी मी तिला मुंबईच्या विमानतळावर सोडून आलो. फ्रिजात तिने माझ्यासाठी शेंगदाण्याची आमटी करून ठेवली होती. पहिल्या रात्री मी अर्धी खाल्ली. उरलेली खाववेना, कारण ती खाल्ली असती तर संपली असती.

चौथ्या दिवशी आक्कांचा फोन आला. "फ्रिजात काय हाय?"

मी सांगितलं.

"वास चांगला येतोय," मी म्हणालो.

"वासावर इस्वास ठिवू नगा, पाव्हणं," त्या एवढंच म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

मी आमटी टाकली. तिचं भांडं घासलं. अन्न टाकल्याचं वाईट वाटतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. माणसाच्या हातचं टाकल्याचं वाईट वाटणं वेगळं असतं, हे त्या दिवशी कळलं. मग पिठलं केलं, दोन चमचे नमुन्याच्या डब्यात काढले आणि नियमाप्रमाणे आधी चाखलं. मीठ बेताचं होतं. दुसरं चाखायला घरात कोणी नव्हतं.