खांबाभोवतीचा सोलो डान्स

आमच्या नांदेडच्या स्केटिंगवाल्यांत दोघे भेटले की तिसऱ्याच्या पडण्याची गोष्ट निघते. कोण कुठे पडलं, कशावर पडलं, पडताना कुणाला धरलं. मग ज्याला धरलं तो आपली वेगळी गोष्ट सांगतो. असे इतके किस्से साठले आहेत की नवीन कुणी पडलं तरी लोक म्हणतात, याच्यापेक्षा मागच्या वर्षीचं चांगलं होतं. मी स्वतः कधी स्केट पायात घातलेले नाहीत. मी कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसणारी आत्या. पण कडेला बसणाऱ्याला पडायची धास्ती नसते, त्यामुळे दिसतं जास्त. शिवाय रोजचं रोज लिहून ठेवायची सवय. कोण आधी पडलं यावरून वाद झाला की माझ्याकडे येतात.

* * *

गौरी माझ्या मोठ्या भावाची मुलगी. दादाची शेती लोह्याकडे, आणि ती शाळेसाठी नांदेडला माझ्याकडे. तिने स्केटिंगमध्ये शर्यत सोडून सोलो डान्स धरला, हे दादाला सांगायचं काम माझ्याकडे आलं. तो चहा पीत असताना सांगितलं.

"डान्स?" दादाने बशी खाली ठेवली. "कुणासंगं?"

"एकटीनेच. चार चाकांचे बूट घालायचे आणि गाण्याच्या तालावर फिरायचं."

"पोरगं बिरगं न्हाई ना संगं?"

"नाही."

त्याने बशी परत उचलली. "मंग करू दे की. अन् नंबर कसा काढतेत? जी आधी पोचली तिचा?"

"पोचायचं नसतं दादा. गोल फिरून परत तिथेच यायचं असतं."

दादाने बशीतला चहा संपवला. "आपला सर्जा बैल बी खळ्यातल्या मधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती तेच करायचा," तो म्हणाला. "त्याला कुणी मेडल दिलं न्हाई."

परवानगी मिळाली, पण अटीसकट. दहावी झाली की मराठवाड्यातली अर्धी मुलं लातूरला नीटच्या क्लासला जातात, तशी गौरीचीही तयारी दादाने मनात करून ठेवली होती. "नॅशनलला पैल्या तिघीत आली तर ऱ्हाऊ दे नांदेडात, तुझ्यापाशी. नाचू दे. न्हाई आली तर पोरगी लातूरला अन् बूट माळ्यावर."

गौरी म्हणाली, "चालेल." आणि माळ्याकडे एकदा बघून घेतलं.

* * *

आमच्याकडे स्केटिंगचा हॉल नाही. आमची प्रॅक्टिस मंगल कार्यालयात. फरशी अशी गुळगुळीत की मंडपवाले चप्पल काढून चालतात. एकच अडचण, हॉलच्या मधोमध एक जाडजूड खांब आहे. लग्नात त्याला फुलांच्या माळा गुंडाळतात. आमच्या मुलांनी त्याला बऱ्याचदा मिठ्या मारलेल्या आहेत, बहुतेक वेळा नाइलाजाने.

आमचे कोच अझहर सर एकदा मॅनेजर बाळूकाकांना म्हणाले, "काका, ये खंबा नसता तर किती बरं झालं असतं."

"काढून देतो की," बाळूकाका म्हणाले. "वर नवरीकडच्या खोल्या हायत. त्या पकडायला दोघं जण उभे करा."

बाळूकाकांनी हॉल दिला त्याला कारण होतं. चाकांनी फरशीला चकाकी येते अशी त्यांची पक्की समजूत. गौरी जिवाच्या आकांताने एका पायावर तोल सांभाळत असायची आणि काका दारातून सांगायचे, "बाळा, एवढा कोपरा राहिला बघ. तिकडं बी दोन चकरा मार."

* * *

हॉल आम्हाला मिळतो तो लग्न नसेल त्या दिवशी. त्यामुळे पंचांग बघून सराव ठरवणारा आमचा बहुधा एकटाच क्लब असेल. चातुर्मास म्हणजे आमचा सीझन. अधिक मास लागला तेव्हा अझहर सरांनी सगळ्यांना पेढे वाटले होते.

सरांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या शेरवानी शिवणारं. पण मुहूर्त त्यांना गुरुजींपेक्षा जास्त पाठ. हळूहळू गल्लीत बातमी पसरली आणि लोक त्यांना विचारायला लागले. एकदा भोकरहून एक पाहुणे मुलीचं लग्न ठरवायला आले. त्यांना आमच्याच हॉलची तारीख हवी होती. सरांनी कॅलेंडर काढलं, बराच वेळ बोट फिरवलं, एका तारखेवर थांबले आणि मान हलवली.

"ये दिन नक्को."

"का हो? काही वाईट योग हाय का?"

"लई वाईट," सर म्हणाले. "त्या दिवशी गौरीची ट्रायल हाय."

* * *

एकदा मात्र योगच चुकला. आम्ही सराव करत असताना दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचं वऱ्हाड आदल्या दुपारीच येऊन धडकलं. कंधारची मंडळी, गाड्यांत बसून उपाशी. स्वयंपाक तयार होता, पण वाढपी अजून आलेले नव्हते. बाळूकाका घामाघूम झाले.

"ताई, तुमची पोर रिकामीच फिरायली. जराशी वाढू लागंल का? उद्या सकाळी लग्न लागायच्या आधी दोन तास हॉल तुमचा."

दोन तास म्हटल्यावर गौरी बूट काढायलाही थांबली नाही. बुंदीचं ताट घेऊन तशीच पंगतीत शिरली. वाढण्यात तिची काही चूक नव्हती. वाकायची, हात पुढे करायची, बुंदी टाकायची. फक्त ज्याच्यासाठी टाकली त्याच्या पुढच्या माणसाच्या ताटात पडायची. पहिल्याला काहीच नाही आणि शेवटच्याच्या शेजारी फरशीवर एक मूठ बुंदी.

पंगतीतल्या एक आजीबाई पहिल्या पाटावर होत्या. गौरी तिसऱ्यांदा समोरून गेली तेव्हा त्यांनी शेजारणीला विचारलं, "बुंदी आपल्याला दाखवायलेत का वाढायलेत?"

* * *

निवड चाचणी लातूरला होती. दादा म्हणाला, चाललोच आहोत तर खोली पण बघू. होस्टेलच्या रेक्टरबाई कडक. दादाने पाण्याचं विचारलं, पंख्याचं विचारलं, खिडकीला जाळी आहे का ते हात लावून पाहिलं. गौरीने काहीच विचारलं नाही. चप्पल काढली, मोज्यांवर एक पाय मागे ढकलला आणि सुर्रकन घसरली. समोरच्या भिंतीला दोन्ही तळवे टेकवून थांबली.

"काय गं?" दादाने विचारलं.

"काही नाही, बाबा. एका ढकलण्यात संपली खोली."

रेक्टरबाई म्हणाल्या, "अभ्यासाला पुरते."

तिथून आम्ही चाचणीला गेलो. संगीत पेनड्राइव्हवर द्यायचं होतं. अझहर सरांनी दिला. गौरी मधोमध हात पसरून, हनुवटी वर करून उभी राहिली. स्पीकर खरखरला आणि मोठ्या आवाजात मंगलाष्टकं सुरू झाली. सर घाईत बाळूकाकांचा पेनड्राइव्ह घेऊन आले होते.

पुढे जे झालं त्यात कुणाचा दोष नाही. सगळा हॉल मराठवाड्यातला. मंगलाष्टकं कानावर पडली की आपण उभे राहतो. पालक उठले, कोच उठले, टेबलामागच्या परीक्षक बाईसुद्धा अर्ध्या उठल्या. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई चिवडा खात होत्या, त्यांनी मूठ तशीच छातीशी धरली. आणि गौरीला हे संगीत तिच्या गाण्याइतकंच ओळखीचं, म्हणून तिने सुरुवात करून टाकली. "सावधान" आलं की एक गिरकी, पुढच्या "सावधान"ला दुसरी. शेवटच्या "सावधान"ला ती थांबली आणि त्या बाईंनी चिवडा उधळला.

खरं संगीत लावून परत संधी मिळाली. निवडही झाली. पण आधी दोन मुलांना ती जागा झाडावी लागली.

* * *

नॅशनलचा ड्रेस अझहर सरांच्या मोठ्या भावाने शिवला. शहरातले अर्धे नवरदेव त्यांच्या हातचे. ड्रेस सुंदर झाला, अगदी मोरपिशी. फक्त उभी कॉलर, सहा सोनेरी बटणं, आणि आतल्या बाजूला एक खिसा.

"भाईजान, खिसा कशाला?" सरांनी विचारलं.

"रुमाल कुठं ठेवंल पोरगी? अन् आहेराचं पाकीट?"

* * *

नॅशनल दक्षिणेत, रेल्वेने खूप लांब. दादा सोबत आला. मुलगी हरली तर परस्पर लातूरला उतरवता येईल, असं म्हणाला. सामानात धपाटे अन् दही, डोक्यावर घट्ट बसवलेली टोपी. गौरी वाटेत फारशी बोलली नाही.

आदल्या दिवशी सरावाला हॉलमध्ये शिरलो आणि सगळे दारातच थांबलो. लाकडी फरशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी. अझहर सरांनी डोळे मिटून घेतले. "या अल्ला, असं मैदान."

संगीत लागलं, गौरी निघाली, आणि मधोमध आल्यावर काहीही कारण नसताना आतल्या बाजूला वळली. डावा खांदा आखडला, कोपर पोटाशी घेतलं, कशाला तरी वळसा घातला आणि पलीकडे गेली. सरांनी थांबवलं. "सीधा आ, बेटा. मधे काय हाय?"

ती सरळ आली आणि तिला पुढचं काहीच आठवेना. परत केलं, परत तेच. तिसऱ्या वेळी धडपडली. कडेला आली आणि कठडा धरून उभी राहिली.

"सर, खांब नाही," ती म्हणाली. "खांब गेला की डावीकडे पाय टाकायचा असतो. आता कुठे टाकू?"

अझहर सर मटकन खाली बसले. इतकी वर्षं त्यांनी तिला नाच शिकवला होता तो खांबासकट.

दादा धपाटा खात होता. "तिवडा काढल्यावर बैल सुदिक भरकटतो," तो म्हणाला. मग हात पुसले, धोतराचा सोगा खोचला आणि कुणाला न विचारता लाकडी फरशीवर चालत गेला. बरोबर मध्यावर जाऊन उभा राहिला. हात अंगाला चिकटवले.

"लाव गानं," तो ओरडला. "म्या हाय खांब."

गौरी फिरली. खांद्याजवळून जाताना दादाची टोपीसुद्धा हलली नाही. संयोजकांचा एक स्वयंसेवक धावत आला, हिंदीत म्हणाला, चाचाजी, बाहर आइए. दादाने मान न वळवता सांगितलं, "खंबा है जी. खंबा बोलता नहीं." सरावाची वेळ संपेपर्यंत तो हलला नाही. इतर राज्यांच्या दोन मुलीसुद्धा त्याला वळसा घालून गेल्या.

स्पर्धेच्या दिवशी अर्थातच आत जाऊ देणार नव्हते. गौरी निघताना दादा म्हणाला, "म्या तिथंच हाय आसं समज." आणि कठड्याशी हात अंगाला चिकटवून उभा राहिला.

मी लाकडी फरशीकडे बघण्याऐवजी बराच वेळ त्याच्याकडेच बघत होते. संगीत सुरू झालं. गौरी मध्यावर आली. यावेळी ती आखडली नाही. मान वर केली, जिथे दादाचा चेहरा असायला हवा तिथे बघितलं, हसली, आणि रिकाम्या जागेला असा हळुवार वळसा घातला की आमच्या मागे बसलेली मुलं बोलायची थांबली. डावा पाय टाकला. पुढचं सगळं आठवलं.

नंतर एक वयस्कर परीक्षक बाई स्वतः उठून आल्या. अझहर सरांना हिंदीत म्हणाल्या, बाकी मुली एकट्या नाचतात तर एकट्याच दिसतात, पण ही कुणाभोवती तरी फिरत होती. मधे कोण होतं?

सर तोंड उघडणार तेवढ्यात दादाने टोपी सारखी केली.

"मैंच था."

निकाल लागला. गौरी चौथी आली.

ती बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती, एकेक छिद्रातून, शक्य तितक्या सावकाश. अझहर सर भिंतीवरची सूचना वाचत होते, ती तमिळमध्ये होती. अट दादाची, आणि दादाने दिलेला शब्द मोडलेला आमच्या घरात कुणी पाहिलेला नाही. त्याने खिशातून मोबाईल काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला आणि लातूरला लावला.

"हाव, म्या लोह्याकडचा, गौरीचा बाप. खोली पक्की करा. हाव. येती पोरगी." मग थोडं थांबून म्हणाला, "बाई, एक इचारायचं ऱ्हायलं. तुमच्या जवळपास मंगल कार्यालय हाय का एखांदं?... हाय? न्हाई, न्हाई, लग्न न्हाई कुणाचं." गौरीचे हात नाडीवर थांबले. "जेवनाचं नका सांगू. फरशी कशी का असंना." दादाने माझ्याकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला.

"मधी खांब हाय का, तेवढं बगून सांगा."