म्हसावदचं स्थळ आणि काकांचा बैल

एकोणीसशे साठच्या दशकात मी मुंबईत कॅन्सरच्या पेशींतल्या डीएनएवर काम करत होते. हे आमच्या गावी, धानोऱ्यात, कुणाला समजावणार? आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सुटसुटीत करून टाकलं होतं. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "मन्ही पोर क्यानसरनी डाक्टर शे."

"डाक्टर नही आबा, मी उंदीरस्वर काम करस," मी म्हणायची.

"चूप! उंदीरनं नाव पाव्हनासमोर काढू नको."

पाव्हणे म्हणजे म्हसावदचं स्थळ. मला पाहायला ते यायचे होते त्याच सकाळी शेजारचे काका बैल घेऊन दारात उभे राहिले. बैलाची मान एका बाजूला कललेली, डावं शिंग हलत होतं आणि त्याच्या मुळाशी घाण वास येत होता.

"तू क्यानसरनी डाक्टर ना? मंग देख."

बैलांना शिंगाचा कॅन्सर होतो हे मी फक्त वाचलं होतं. आयुष्यभर इवल्याशा उंदरांच्या गाठी पाहिलेल्या मला तो बैल म्हणजे पर्वणीच वाटली. नंदुरबारहून गुरांचे डॉक्टर बोलावले. त्यांनी सुई टोचून शिंगाची बाजू बधिर केली, चौघांनी बैल आडवा पाडला आणि मी आईने नेसवलेल्या रेशमी साडीचा पदर खोचून मुंडकं धरून बसले. शिंग निघालं. आतून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ बाहेर आली. मी आईची लोणच्याची बरणी रिकामी केली, गाठ कुजू नये म्हणून डॉक्टरांकडून फॉर्मॅलिन घेतलं आणि तुकडे त्यात टाकले.

नेमके तेव्हाच पाव्हणे आले.

"हाई काय शे?" मुलाच्या आईने नाकाला पदर लावून विचारलं.

मी आनंदाने बरणी पुढे केली. "गाठ किती भारी शे, देखा ना!"

आबांनी डोळे मिटून घेतले. मी हात धुऊन पोहे आणले, पण ते कुणीही खाल्ले नाहीत. मुलाचे वडील मात्र बैलाजवळून हलेनात. डॉक्टरांना ते एकसारखे प्रश्न विचारत होते.

माझी रजा संपायच्या आत निरोप आला: "सोयरीक काही जमाव नही, पन आमना बैलनं शिंग हालस. पोरले जरा धाडा."

"सून म्हनीसन पोर नको, पन डाक्टर पाहिजे!" आबा भडकले. मी तरीही गुरांच्या डॉक्टरांबरोबर एसटीने म्हसावदला गेले. बैल दुसऱ्या बैलाशी झुंजला होता, बाकी काही नव्हतं. मुलाच्या आईने मला आग्रह करकरून जेवायला घातलं. मुलगा दावं धरून उभा होता. निघताना त्याने हळूच विचारलं, "उंदीरस्ले दुखस का?"

माझ्या कामाबद्दल आमच्या भागात मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. "दुखस," मी म्हटलं. त्याने मान हलवली. पुढे त्याचं लग्न अक्कलकुव्याच्या मुलीशी झालं.

मुंबईत आमच्या साहेबांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाठीची काच पाहिली आणि खूश होऊन विचारलं, "पेशंट कोण?"

"आमच्या काकांचा बैल."

"आता कसा आहे?"

आबांचं पत्र नुकतंच आलं होतं. "वखराला जुंपलाय, सर. फक्त काका त्याला आता उजवीकडून हाक मारतात. डावीकडून हाक मारली की त्या बाजूला शिंग नाही हे विसरून मान वळवतो आणि बाजूच्या बैलाला धडकतो."