मदतीला येणाऱ्या बायका

नाशिकच्या बाजार आवारात माझे वडील हमालांच्या टोळीचे मुकादम होते आणि आई त्याच टोळीबरोबर कांदा निवडायची. सटाण्याकडून, नामपूरहून, सायखेड्याहून आलेला कांदा व्यापाऱ्यांच्या खळ्यावर ओतला जाई. बायका त्यातला सडका बाजूला काढत, बारकी गोल्टी वेगळी करत, भरलेल्या गोण्यांची तोंडं दाभणानं शिवत. मग पुरुष त्या उचलून ट्रकमध्ये रचत. नवरा-बायको दोघंही कामाला असली की त्यांना जोडी म्हणायचे, आणि जोडीची मजुरी एकत्रच, नवऱ्याच्या हातात पडायची. आईला त्याचा केवढा तोरा! कुणी बाई आपली मजुरी वेगळी मागू लागली की आई तिला चिडवायची, "नवऱ्यावर भरोसा नाय का गं तुझा?"

हमाल कुणा एका मालकाचा नसतो. सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी भरायची, दुपारी दुसऱ्याची. म्हणून म्हाताऱ्या झालेल्या हमालाकडं बघून प्रत्येक व्यापारी हात झटकायचा, हा माझा माणूस नव्हे. एकोणीसशे सत्तरनंतरच्या वर्षांत टोळ्यांनी मागणी केली की सगळ्या व्यापाऱ्यांनी मिळून एकच फंड काढावा, दर गोणीमागं त्यात भर घालावी आणि पाठ वाकली की हमालाला त्यातून पेन्शन मिळावं. व्यापारी हसले. मग काम बंद झालं.

गेटवर ट्रकपुढं सगळ्यात आधी बसली ती माझी आई. पोलीस उठवायला आले तर म्हणाली, "उचला की. गोणीपरीस जड नाय मी." पोलिसांनाही हसू आवरेना. बंद टिकला तो बायकांमुळं. कांदा निवडलाच नाही तर पुरुषांनी उचलायचं तरी काय?

शेवटी व्यापारी नमले आणि फंड निघाला. पण तो चालायचा त्यांच्या मर्जीनं. कुणी भरायचा, कुणी बुडवायचा. काही वर्षांनी सरकारी नियम आले. प्रत्येक व्यापाऱ्यानं भरलंच पाहिजे, प्रत्येक कामगाराची नोंदणी झाली पाहिजे, त्याला पितळी बिल्ला मिळाला पाहिजे. तपासायला साहेब येणार होते. त्या दिवशी आई ठेवणीतलं लुगडं नेसून खळ्यावर गेली. मी कॉलेजला दांडी मारून तिच्याबरोबर गेले, तिचा बिल्ला बघायला.

हमालांची नावं घेऊन झाल्यावर साहेबांनी खळ्याकडं बोट केलं. "आणि या बायका? कुणाच्या कामगार?"

व्यापारी वडिलांकडं बघत राहिले. वडिलांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"त्या व्हय? त्या आमच्यासंगं येतात साहेब. मदतीला."

आई गोणी शिवत होती. तिनं मान वर केली नाही. ती गोणी शिवून झाली, तिनं दुसरी पुढं ओढली.

घरी जाताना वाटेत वडील म्हणाले, "बायका धरल्या तर दुप्पट भरावं लागतं. व्यापारी म्हणले, मग कुणाचंच नाय. पुरुषांचं तरी पदरात पडू दे. माझं पेन्शन ते तुझंच ना? आपली जोडी हाय." म्हणजे टोळीनं सगळं आधीच ठरवलं होतं. जिच्या जिवावर फंड निघाला तिला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. मला वडिलांची शिसारी आली. दुसऱ्या दिवशी बायका आईला म्हणाल्या, "तुझ्याच नवऱ्यानं केसानं गळा कापला आमचा." एरवी एकाला चार ऐकवणारी आई दाभणात सुतळी ओवत राहिली. पुन्हा तिनं कुणाला भरोशावरून चिडवलं नाही.

वडील थकले, त्यांना पेन्शन सुरू झालं. जोडी सुटली तसं आईचंही खळ्यावर जाणं थांबलं. दर महिन्याला सगळेच्या सगळे पैसे ते आईच्या हातात ठेवत, स्वतःच्या विडीकाडीलाही तिच्याकडं मागून घेत. मला ते इमान बघवत नसे.

एकोणीसशे ऐंशी उलटून थोडी वर्षं झाली होती, तेव्हा वडील गेले. बिल्ला परत करायला आई आणि मी फंडाच्या ऑफिसात गेलो. कारकून भला माणूस होता. आईला त्यानं खुर्ची दिली, मग चाचरत म्हणाला, "मावशी, पेन्शन ज्याच्या नावावर त्याच्यापुरतंच असतं. ते आता बंद होईल. तुमच्या स्वतःच्या नावावर आहे का काही? कुठं कामाला होता का तुम्ही?"

त्याच्या पाठीमागच्या खिडकीतून खळी दिसत होती. बायका कांदा निवडत होत्या.

"होती म्हणजे काय," मी तडकून म्हणाले, "जन्म गेला तिचा..."

आईनं माझा हात दाबला. पदरातून बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

"नाय साहेब," ती म्हणाली. "मी नुसती त्यांच्यासंगं यायची. मदतीला."

मग जिना उतरून ती सरळ खळ्यावर गेली, उद्यापासून कामाला येते म्हणून सांगायला.